अर्धेलीची कोंबडी

१

कोंबड्यांना लस द्यायची तर त्या खुराड्यातून बाहेर पडायच्या आत. एकदा का सुटल्या, की मग तुम्ही, लसीची बाटली आणि निम्मी आळी त्यांच्या मागे धावत बसता. म्हणून मी उजाडतानाच निघते. खांद्याला बर्फाचा डबा, त्यात मरीवरच्या लासोटा लसीची बाटली आणि ड्रॉपर. पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, मान जरा कलती करायची, डोळ्यात एक थेंब. पिल्लाने डोळा मिटला की थेंब आत गेला, मग पुढचं. याला फार अक्कल लागत नाही. घाई नसली म्हणजे झालं.

माझं नाव साधना. सरकारी कागदावर मी पशुसखी आहे, गावात ‘कोंबड्यायची डॉक्टरीण’, आणि तेही चेष्टेने. मुंगूस, उदमांजर, धामण, घार, उवा, पिसवा, मानमोडी, अशी गरीब कोंबडीवर टपलेली मंडळी पुष्कळ. त्यातल्या एक-दोघांचा बंदोबस्त मी करते, बाकीचा ज्याने त्याने करावा. प्रत्येक दारात मी आधीच सांगून ठेवते, की मी लस देते, हमी देत नाही. त्यामुळे भांडणं कमी होतात.

आमचं गाव कोरपन्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. पुढच्या अंगाला कापसाची शेतं, मागच्या अंगाला जंगल. माझी धाकटी बहीण चंदा याच गावात दिलेली. तिचं घर शेवटचं, परसाच्या कुडापलीकडे बांबूचं रान सुरू होतं. नवरा प्रवीण सिमेंट कारखान्यात पाळीवर जातो आणि भुवया पांढऱ्या करून घरी येतो. माणूस सरळ आहे. दोघांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण घरात मूल नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्याच्या आत सगळं संपलं. तिच्या कोंबड्याही दर उन्हाळ्यात मरीत साफ व्हायच्या. चंदाच्या हाताला यश नाही, असं बायका बोलायच्या, आणि मला ऐकू जाईल असं बोलायच्या.

दिवाळीनंतर तिला पुन्हा दिवस होते. चौथा लागला होता. मी देवभोळी नाही, पण त्या दिवसांत तिच्या दारात शिरताना उजवा पाय आधी टाकायला लागले होते. या खेपेला तरी तिच्या घरात पाळणा हलावा, एवढंच मला हवं होतं.

त्या सकाळी तिच्या नव्या पिल्लांना लस द्यायला गेले. चंदाने पिल्लं आधीच काढून ठेवली होती. निम्मी एका टोपलीखाली, निम्मी दुसऱ्या. मी पहिल्या टोपलीतली उरकली आणि दुसरीला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

“यायलेच दे, बाई. त्यायले राहू दे.”

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. मी विचारलं, “काऊन?”

“ते आपले नाई,” चंदा म्हणाली, आणि चुलीवरचा चहा उतू जातो म्हणून आत गेली.

२

आपले नाहीत म्हणजे वाट्याचे, हे मला लगेच कळलं. आमच्याकडे कोंबडी अर्धेलीने ठेवायची रीत आहे. ज्याच्याकडे कोंबड्या जास्त तो एखादी दुसऱ्याच्या घरी देतो. ठेवणाऱ्याने तिला सांभाळायचं, अंड्यांवर बसवायचं, आणि पिल्लं निघाली की निम्मी मालकाची, निम्मी ठेवणाऱ्याची. मन भरलं की मूळ कोंबडी परत करायची, व्यवहार संपला. एकच अट असते. पिल्लं मोठी व्हायच्या आत मधेच कोंबडी परत केली, तर पिल्लं आईच्या मागे जातात. सगळी. ठेवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. ही रीत सगळ्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे मधे कोणी मोडत नाही.

चंदाकडे ही कोंबडी पावसाळ्यात आली होती. करडी, पायावर पिसं असलेली, अंगाने भरलेली. कोणाची म्हणून मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता चहा पिताना विचारलं.

बाजारातून परत येताना मोहाच्या झाडाखाली ती ऑटोची वाट बघत उभी होती, असं चंदाने सांगितलं. तिथे एक बाई टोपली घेऊन बसली होती. ठेवतं का, म्हणाली. चंदा हो म्हणाली. एवढंच. बाईचं नाव? विचारलं नाही. गाव? तेही नाही. दिसायला कशी होती? चंदाने बराच विचार केला आणि म्हणाली, बाईसारखी बाई.

मला हसू आलं. आमच्या गावात पाहुणा पाणी मागायला आला तरी त्याचं गाव, कूळ आणि सासुरवाडी विचारून मग तांब्या देतात. आणि ही बया जित्राब घेऊन आली, मालकाचं नाव न विचारता.

“मंग वाटा कोणाले देतं तू?” मी विचारलं.

“द्या लागत नाई. ते घेऊन जातेत.”

मी निघता निघता दुसऱ्या टोपलीतल्या पिल्लांनाही लस दिली. मालक कोणी का असेना, मरी काही वाटणी बघून येत नाही. पिल्लांनी काही कुरकुर केली नाही. एरवी मुठीत धरलं की पिल्लू जीव खाऊन ओरडतं. ही गप्प बसली.

३

चारेक दिवसांनी गेले तर दुसऱ्या टोपलीतली पिल्लं नव्हती. खुराड्याजवळ पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. चंदा तांदूळ निवडत होती. नेली, म्हणाली. कधी नेली? रात्री असेल. तू पाहिलं? नाही.

माझी खात्री होती की हे उदमांजराचं काम. बहीण भोळी, तिला कोणी टोपलीवाली नेते असं वाटतंय आणि जनावर मजेत जेवतंय. प्रवीणलाही तसंच वाटत होतं. त्याने कोरपन्याच्या रहीमभाऊंना बोलावलं. रहीमभाऊंचं वेल्डिंगचं दुकान आहे. माणूस गप्पिष्ट आणि कामाला पक्का. त्यांनी खुराड्याला लोखंडी चौकट ठोकली, बारीक जाळी लावली, कडी बसवली, आणि वर चहा पिऊन सांगितलं की या जाळीतून आता झुरळसुद्धा परवानगी घेऊन जाईल.

करडी कोंबडी पुन्हा खुडूक झाली. तिच्याखाली बसवलेल्या अंड्यांतलं एकही पोकळ निघालं नाही. हे मला खटकायला हवं होतं, कारण दोन-चार तरी वाया जातातच. पण मी पशुसखी, मला वाटलं माझ्या जंतांच्या औषधाचा गुण. माणसाला आपलं कौतुक लवकर पटतं.

पिल्लांना आठवडा झाला तशी मी खुराड्यात आणि सभोवती चुलीची राख पसरली. एक तर पिसवांवर ती चालते, आणि दुसरं म्हणजे कोण येतं त्याचे पाय उमटतात.

सकाळी कडी लावलेली होती. जाळी जशीच्या तशी. पिल्लं निम्मी.

राखेत बाहेरून आत येणारं एकही पाऊल नव्हतं. आतल्या राखेत पिल्लांचे पाय होते. कोंबडीच्या कुशीतून निघालेले, एकामागे एक, एका ओळीत, मागच्या भिंतीपर्यंत. भिंत मातीची, हातभर जाड. तिला बीळ नाही, भेग नाही. पायांची ओळ भिंतीपाशी संपत होती.

मी परसात जाऊन भिंतीची मागची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं. पुढे कूड आणि मग बांबू.

रहीमभाऊ जाळीला बट्टा लागला म्हणून स्वतः मोटरसायकलवर आले. प्रत्येक टाका बोटाने दाबून पाहिला. मग खुराड्यातली उरलेली पिल्लं मोजली.

“बाई, मुंगूस हिशोब नाई करत,” ते म्हणाले. “आलं तं सगळेच मारते. हे निम्मे कोणं सोडले?”

त्यांनी पाणी प्यायलं नाही आणि लगेच निघाले.

४

करडीची पुढची पिल्लं निघाली तेव्हा मी ठरवून संध्याकाळी तिथे थांबले. ऊन उतरलं होतं, अजून दिवा लावायची वेळ झाली नव्हती. चंदाला सहावा होता आणि तिची तब्येत कधी नव्हे इतकी छान होती. गाल भरलेले, पायावर सूज नाही. ती ओट्यावर पाय सोडून बसली होती. मी खुराड्यासमोर उकिडवी बसले.

दिवेलागणीला पिल्लं आईच्या पंखाखाली शिरतात. त्यासाठी मारामारी असते. एकाला जागा मिळते तेव्हा दुसरं बाहेर पडतं आणि चिवचिवाट थांबता थांबत नाही. सगळ्यांत ऊबदार आवाज तो. लहानपणी तो ऐकत ऐकत आम्ही बहिणी झोपायचो.

करडी कोंबडी बसली, पंख सैल केले. निम्मी पिल्लं शिरली. निम्मी शिरली नाहीत. ती चालत मागच्या भिंतीपाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आवाज नाही, चोचीने टोकरणं नाही. नुसती उभी.

आजारी पिल्लू मला दुरून ओळखता येतं. पंख लोंबतात, डोळे मिटतात, शेपटीखाली घाण असते. यांच्यात तसं काही नव्हतं. मी कडी काढून एकाला उचललं. अंग गरम, पोट भरलेलं, पाय घट्ट. मी त्याला कोंबडीच्या पंखाखाली सारलं. कोंबडीने चोच मारली नाही आणि पंखही उचलला नाही. पिल्लू पुन्हा निघालं, घाई न करता भिंतीपाशी गेलं आणि आपल्या जागेवर उभं राहिलं. त्याची जागा बाकीच्यांनी मोकळी ठेवली होती.

मी दुसरं उचललं. तिसरं उचललं. सगळी परत गेली.

आता मनाशी कितीही कारणं मांडली तरी एक गोष्ट खरी होती. मला तिथे बसवेना. डोक्यात प्रशिक्षणातले सगळे रोग येऊन गेले आणि एकाचंही नाव या उभं राहण्याला लागेना. मी कडी लावली आणि ओट्यावर चंदाजवळ येऊन बसले.

“असेच उभे राह्यतेत,” चंदा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “आधी मले बी कसंसंच वाटे.”

“आता नाई वाटत?”

तिने मान हलवली आणि पोटावरून हात फिरवला. मग मला म्हणाली की जेवूनच जा, वांग्याची भाजी केली आहे. मी जेवले. भाजी चांगली झाली होती. खुराड्याकडून एवढासाही आवाज आला नाही.

५

माघात गावात मरी आली. मी लस देऊनही कित्येकांची खुराडी रिकामी झाली, आणि हमीचं माझं वाक्य कोणी ऐकून घेईना. चंदाच्या परसात मात्र एक कोंबडी शिंकली नाही. घारीने शेजारच्या अंगणातून पिल्लं उचलली, तिच्या अंगणावरून ती नुसती फिरून गेली. कोंबड्यांच्या पिसांत मी उवा शोधल्या. मिळाल्या नाहीत. बायका आता तिच्याकडे अंडी मागायला यायच्या, आणि तिच्या हाताला यश आहे असं म्हणायच्या.

त्याच सुमारास राजुऱ्याला तपासणी झाली. जुळं होतं.

प्रवीणला आनंदाने काय करावं ते सुचेना. त्याने बाजारातून दोन झबली आणली, दोन टोपडी, दोन खुळखुळे. चंदाने त्यातलं एक-एक आपल्या पेटीत ठेवलं. उरलेलं घडी करून माझ्या हातात दिलं.

“हे तुया घरी ठेव,” म्हणाली.

मी म्हटलं घरात जागा नसेल. म्हणून घेऊन आले आणि कपाटाच्या वरच्या खणात टाकलं. दुपारभर मला काही सुधरलं नाही.

मग तिची शेळी व्याली. दोन करडं, एक पांढरं, एक काळं. दोन्ही तरतरीत. मी स्वतः त्यांची नाळ साफ केली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चंदाकडे गेले तेव्हा पांढरं आईला लुचत होतं. काळं गोठ्याच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मी त्याला उचलून शेळीच्या आचळाला लावलं, तोंड उघडून दुधाची धार सोडली. त्याने दूध गिळलं आणि परत भिंतीशी जाऊन उभं राहिलं.

सकाळी ते नव्हतं. प्रवीण म्हणाला बिबट्या. वनरक्षक आला, परसभर फिरला, पंजा सापडला नाही, म्हणून जमीन कडक आहे असं सांगून गेला. शेळी मात्र ओरडली नाही. पिल्लू गेलं की शेळी दोन-दोन दिवस ओरडते. हिने पांढऱ्याला चाटलं आणि पाला खायला लागली.

पुढची तपासणी आठव्यात झाली. मी सोबत होते. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या की एकाचं सगळं नीट दिसतंय, दुसऱ्याची आपल्याकडे पाठ आहे, त्यामुळे तोंड दिसत नाही. काळजीचं काही नाही, मुलं फिरतात, पुढच्या वेळी दिसेल. पुढच्या वेळीही दिसलं नाही.

परतताना ऑटोत चंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. “एक भिंतीकडं तोंड करून हाये म्हणे, बाई,” ती म्हणाली. आणि तिला झोप लागली.

६

मी ठरवलं की व्यवहार मोडायचा. मूळ कोंबडी परत, अर्धेल संपली. मी या गोष्टी मानते की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवला. मानत नसेन तर एक कोंबडी झाडाखाली सोडून यायला हरकत काय होती? आणि मानत असेन तर थांबायला वेळ नव्हता.

चैत्रातली दुपार होती. प्रवीण कामावर, चंदा आत झोपलेली. मी करडीला उचललं, पाय बांधले, पिशवीत घातलं. ती ओरडली नाही. डोक्यावर पदर घेऊन बाजाराच्या रस्त्याने निघाले. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मोहाचं झाड रस्त्याच्या वळणावर आहे, त्याच्या मागून बांबू सुरू होतो. बाजाराचा दिवस नसला की तिकडे कोणी फिरकत नाही.

झाडाखालची जमीन सारवलेली होती.

मला आधी वाटलं सावलीचा रंग आहे. वाकून हात लावला. ताजं शेण, ओलसर, बोटांचे अर्धगोल उमटलेले. एखाद्या घराचं अंगण असावं तेवढी जागा, मोहाची फुलं वेचून स्वच्छ झाडलेली. घर मात्र नाही. मधोमध दोन टोपल्या ठेवल्या होत्या. नव्या, हिरव्या कामट्यांच्या, बांबूचा वास अजून येत होता. पिल्लांच्या टोपल्या असतात त्यापेक्षा लांबट. दोन्हींत सरकी काढलेला कापूस होता, हाताने पिंजून पिंजून मऊ केलेला. मधोमध खळगा केलेला.

बांबूतून चिवचिवाट आला. खूप पिल्लांचा, एकदम. पिशवीतल्या कोंबडीने घशातल्या घशात उत्तर दिलं आणि तो थांबला. मग काळ्या करडाच्या वयाचं काहीतरी एकदा बेंबटलं.

बुरडाच्या टोपल्या असतील, विसरला असेल, असं मी स्वतःला म्हणाले. मोठ्याने म्हणाले, असं आठवतं. पिशवी खाली ठेवायला वाकले आणि तेव्हा जाणवलं, की माझ्या मागे कोणीतरी उभं आहे. जवळ नाही. एखाद्याचं उरकेपर्यंत माणूस थांबतं, तितक्या अंतरावर. रागाचा वगैरे काही भास नव्हता. मी पिशवी ठेवण्याची वाट बघणं चाललं होतं.

दोन टोपल्या का, ते मला तिथे वाकलेली असताना कळलं. मधेच परत केली, तर पिल्लं आईच्या मागे जातात. सगळी.

मी पिशवी छातीशी धरली. मागे वळायची हिंमत झाली नाही, म्हणून झाडाला वळसा घालून रस्त्यावर आले. मी रडत होते, हे मला पदर ओला लागला तेव्हा समजलं. वळणावरून एकदा पाहिलं. सारवलेल्या जागेवर कोणी नव्हतं. टोपली एकच होती.

७

चंदा उठून ओट्यावर बसली होती. माझ्या हातातली पिशवी तिने पाहिली. मला वाटलं ती भांडेल, पण तिने फक्त बाजूला सरकून मला बसायला जागा केली.

झाडाखाली काय पाहिलं ते मी सांगितलं. मग मी तिला बोल लावले. चांगले कडक लावले. कोणाची कोंबडी, कुठली बाई, न विचारता घरात घेतलीस, आणि आता? तिने सगळं ऐकून घेतलं. उन्हाने तिच्या कपाळावर घाम आला होता, तो तिने पदराने पुसला.

“आधी पुरं जात होतं, बाई,” ती म्हणाली. “कोंबड्या पुऱ्या, पोटातलं बी पुरं. मी कोणाले बोलली? आता अर्धं राह्यते.”

मी म्हटलं दवाखाना आहे, डॉक्टर आहेत. चंद्रपूरला नेऊ, पार नागपूरला नेऊ. दोन्ही वाचतील.

“तू हमी देतं?”

एवढंच तिने विचारलं. टोचून नाही विचारलं. तिला खरंच हवी होती. मी दिली असती तर तिने माझ्या हातून कोंबडी घेऊन स्वतः झाडाखाली सोडली असती, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. दारोदार जे सांगत आले ते वाक्य तिला सांगायचं माझ्या जिभेवर येईना, आणि दुसरं एकही वाक्य मला येत नव्हतं.

तिने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. डाव्या बाजूला एक लाथ बसली, मग लगेच दुसरी. उजव्या बाजूलाही कोणीतरी होतं. हाताखाली गोल, घट्ट, उबदार लागत होतं. ते हलत नव्हतं.

मी उठले, खुराड्याशी गेले. कोंबडीच्या पायांची दोरी सोडली. ती आत गेली, पंख झटकले, आपल्या जागेवर बसली. कडी मी लावली.

८

कळा उजाडता उजाडता सुरू झाल्या. राजुऱ्याला जिथे तपासण्या झाल्या त्या खाजगी प्रसूतिगृहात आम्ही पोचलो तेव्हा व्हरांडा माणसांनी भरलेला होता. दोन-तीन घरच्या बायका, कोणाची सासू, कोणाची आई, थर्मास, पिशव्या, चादरी. चंदाला लगेच आत घेतलं. प्रवीण औषधं आणायला धावला. मी भिंतीशी सतरंजी टाकून पाय पसरून बसले. कंबर धरली होती.

व्हरांड्यातल्या बायकांत एक अशी होती, की ती कोणाबरोबर आली ते कळत नव्हतं. समोरच्या भिंतीशी बसलेली. साधं लुगडं, अनवाणी. मांडीवर टोपली. मी तिला आधी कोणाची तरी सासू समजले. मग टोपलीत कापूस दिसला.

मी तिचं तोंड बघायचा प्रयत्न केला. बघितलंही असेल. आता विचाराल तर चंदाने सांगितलं तेच सांगेन, बाईसारखी बाई. ती कोणाकडे बघत नव्हती. कापसातला खळगा बोटांनी पुन्हा पुन्हा नीट करत होती, जसं कोणीही करेल. तिची बोटं खूप सावकाश फिरत होती, आणि कापसाचा एक तंतूही कडेला चिकटू देत नव्हती. शेजारची बाई तिला चहा हवा का विचारत होती. तिने मानेनेच नको म्हटलं.

मला ओरडता आलं असतं. दारावर आया होती, पोऱ्या होता, समोर पोलीस चौकी होती. काय म्हणून ओरडायचं तेही मी मनात जुळवून पाहिलं. ही बाई आमची नाही, हिला बाहेर काढा. मग मला झाडाखालच्या दोन टोपल्या आठवल्या. हिच्या मांडीवर एक होती. मी ती पुन्हा पुन्हा मोजली, एकच होती.

आतून रडणं आलं. बारीक, चिडलेलं, ताकदीचं. मी आजवर कितीतरी अंडी फुटताना, वासरं पडताना पाहिली आहेत, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता. मी तोंडावर पदर दाबला. चंदाचं मूल जिवंत होतं, ओरडत होतं, सगळा व्हरांडा ऐकत होता. बायका माझ्याकडे बघून हसल्या.

थोड्या वेळाने दुसरं आलं. ते रडणं हलकं होतं. पण होतं.

समोरची बाई उठली. घाई केली नाही. लुगडं नीट केलं, टोपली कमरेवर घेतली आणि चंदाला जिथे आत नेलं होतं त्या दाराकडे निघाली. व्हरांडा अरुंद, आणि माझे पाय वाटेत पसरलेले. ती माझ्यापाशी येऊन थांबली. बायका गर्दीत थांबतात तशी थांबली.

मी पाय आखडून घेतले.